पन्नास वर्षांची साथ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या सभागृहात झालेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



ह्या व्याख्यानमालेत मी बोलावे असे ठरले तेव्हा कार्यवाहांनी मला विषय विचारला. मी म्हणालो, जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन. त्यांनी नावे कागदावर लिहून घेतली आणि थोडा वेळ थांबून विचारले, “काका, हे कोण?” मी म्हणालो, बर्फावर नाचणारी एक इंग्रज जोडी. त्यांनी ‘इंग्रज जोडपे’ असे लिहिले, आणि मला लगेच दुरुस्ती करावी लागली. जोडपे नव्हे, जोडी. आजच्या व्याख्यानाचा अर्धा आशय त्या दुरुस्तीतच आहे असे म्हटले तरी चालेल.

सुवर्णमहोत्सवात आपल्या संतांविषयी, नाट्यपरंपरेविषयी, आपल्या गावाकडच्या आठवणींविषयी बोलावे अशी अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. त्या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकारी माणसे ह्या व्यासपीठावरून बोलून गेली आहेत व पुढेही बोलतील. मी हा दूरदेशीचा विषय निवडला त्याला एक साधे कारण आहे. ही जोडी १९७५ साली जमली आणि २०२५ साली तिने रंगभूमीचा, म्हणजे बर्फभूमीचा निरोप घेतला. पन्नास वर्षे. दोन माणसांनी एकमेकांचा हात धरून पन्नास वर्षे एकच काम करावे, ही गोष्ट पन्नाशी गाठलेल्या कोणत्याही मंडळाने समजून घ्यावी अशी आहे. शिवाय मला आज एक कबुलीही द्यावयाची आहे. ती शेवटी देईन.

प्रथम ही कला काय आहे ते थोडे सांगतो. आपल्यापैकी जे हिवाळ्यात सिमल्यास गेले असतील त्यांनी तेथील उघड्यावरची स्केटिंग रिंक पाहिली असेल. १९२० पासून ती चालू आहे. रात्री पटांगणावर पाणी पसरावयाचे, थंडीने ते गोठू द्यावयाचे आणि ऊन चढण्यापूर्वी त्यावर घसरून घ्यावयाचे, असा तिचा परिपाठ. नोकरीनिमित्त मी काही वर्षे तेथे होतो. एका सकाळी मित्रांच्या आग्रहाने पायांत ते पोलादी पाते लावलेले बूट चढवले आणि पहिल्याच पावलास असा आपटलो की पुढे आठवडाभर कचेरीत उशी घेऊन बसलो. तेव्हापासून बर्फावर नुसते उभे राहणाऱ्या माणसाविषयीही माझ्या मनात आदर आहे.

त्या पात्याची गंमत अशी की, ते खालून सपाट नसते. त्याच्या मधोमध बारीक पन्हळ असते आणि दोन बाजूंना दोन धारा. चांगला स्केटर सपाट घसरत नाही. तो सतत ह्या ना त्या धारेवर झुकलेला असतो आणि त्यामुळे बर्फावर वर्तुळाचे कंस उमटत जातात. जोडीने स्केटिंग करण्याच्या स्पर्धा दोन प्रकारच्या. एका प्रकारात पुरुष स्त्रीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो, दोघे उंच उड्या घेतात. दुसरा प्रकार म्हणजे आइस डान्स, बर्फावरचे नृत्य. त्यात हे सारे वर्ज्य. ज्या काळाविषयी मी बोलत आहे त्या काळी जोडीदारास खांद्याच्या वर उचलण्यास मनाई होती आणि दोघांनी एकमेकांपासून काही सेकंदांहून अधिक वेळ अलग होण्यासही मनाई होती. ताल पाळावयाचा, धारा स्वच्छ ठेवावयाच्या, एकमेकांच्या अगदी निकट राहावयाचे आणि तरी पाते पात्यास लागू द्यावयाचे नाही. म्हणून ह्या नर्तकांच्या पात्याचा मागचा भागही आखूड असतो.

स्पर्धेचे तेव्हा तीन भाग असत. पहिल्या भागात ठरलेली नृत्ये. पावले तीच, आकृती तीच, सर्वांना सारखीच. आपल्या संगीताच्या भाषेत सांगावयाचे तर सर्वांनी एकच बंदिश गावयाची आणि कोण किती सुरेल ते दाखवावयाचे. दुसऱ्या भागात ताल ठरलेला, रचना आपली. तिसऱ्या भागात चार मिनिटांचे मुक्त नृत्य. जागतिक स्पर्धेत हा प्रकार १९५२ पासून आहे, पण ऑलिंपिकमध्ये त्यास प्रवेश मिळाला १९७६ साली, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे. तेथे सोव्हिएत संघाच्या ल्युदमिला पाखोमोवा आणि अलेक्सांद्र गोर्शकोव्ह ह्यांनी पहिले सुवर्णपदक घेतले. पुढची काही वर्षे ह्या क्षेत्रावर रशियन जोड्यांचेच वर्चस्व होते. मागे बॅले नृत्याची मोठी परंपरा आणि सरकारी खर्चाने चालणारी प्रशिक्षण केंद्रे असली की स्पर्धकास पोटापाण्याची चिंता करावी लागत नाही.

आता आपण इंग्लंडात नॉटिंगहॅम ह्या गावी जाऊ. आपल्या वडिलांच्या पिढीने जपून वापरलेल्या रॅले सायकली ह्याच गावच्या. लेसचे कारखाने, आसपास कोळशाच्या खाणी, असा हा कामकऱ्यांचा मुलूख. तेथे ७ ऑक्टोबर १९५७ रोजी जेन टॉर्व्हिलचा जन्म झाला. आईवडिलांचे वृत्तपत्र विक्रीचे छोटे दुकान होते. शाळेच्या सहलीबरोबर ती गावातल्या रिंकवर गेली आणि तेथेच रमली. ख्रिस्तोफर डीन तिच्याहून नऊ-दहा महिन्यांनी धाकटा. जन्म २७ जुलै १९५८, जवळच्याच कॅल्व्हर्टन ह्या खेड्यात. वडील खाणीवर विजेची कामे करीत. ख्रिस्तोफर सहा वर्षांचा असताना त्याची आई घर सोडून गेली. पुढे घरात सावत्र आई आली, आणि दहाव्या वर्षी नाताळची भेट म्हणून त्याला पहिले स्केट्स मिळाले. ज्याच्या लहानपणी घरातले एक माणूस न सांगता निघून गेले, त्याने पुढे सारे आयुष्य एका हाताला घट्ट धरून काढावे, ह्याचा अर्थ मी लावीत नाही. ज्याने त्याने लावावा.

दोघांचेही पहिले जोडीदार वेगळे होते. जेन उड्या आणि उचल असलेल्या जोडी-स्केटिंगमध्ये १९७१ साली, चौदा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, ब्रिटिश विजेती ठरली होती. ख्रिस्तोफरनेही दुसऱ्या एका मुलीबरोबर नृत्यात कनिष्ठ गटाचे यश मिळवले होते. पण दोन्ही जोड्या मोडल्या. कोणाचे जमत नाही, कोणी गाव सोडून जाते. हे सर्वत्र होत असते. १९७५ मध्ये जॅनेट सॉब्रिज ह्या शिक्षिकेने त्या दोघांना एकत्र उभे केले. जेन ठेंगणी, पाच फुटांची. तो चांगला उंच. दोघेही लाजाळू. नृत्य हा प्रकार जेनला जवळजवळ नवाच. आरंभ असा अगदी बेताचा होता.

ख्रिस्तोफर तेव्हा पोलिस खात्यात उमेदवारी करीत होता आणि पुढे शिपाई म्हणून रुजू झाला. जेन एका विमा कंपनीत कारकून होती. त्याची पाळी कधी रात्रीची, कधी पहाटेची. तिची कचेरी नऊ ते पाच. रिंक दिवसभर लोकांसाठी खुली. मग सराव केव्हा करावयाचा? लोक घरी गेल्यावर, किंवा ते येण्यापूर्वी. हे आपण जरा डोळ्यांसमोर आणावे. शेवटची मुलेबाळे बाहेर पडली आहेत, बर्फ पुन्हा गुळगुळीत करून घेतला आहे, अर्धे दिवे मालवले आहेत आणि दिवसभर नोकरी करून आलेली दोन तरुण माणसे त्या मोकळ्या बर्फावर तेच वळण पुन्हा पुन्हा घेत आहेत. पाहणारे कोणी नाही, टाळी वाजवणारे कोणी नाही.

ह्या सरावाचे फळ कसे व किती सावकाश आले ते आकड्यांत सांगतो. जागतिक स्पर्धेत १९७८ साली त्यांचा क्रमांक अकरावा. १९७९ साली आठवा. १९८० साली चौथा. त्याच वर्षी अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथल्या ऑलिंपिकमध्ये पाचवा. दरम्यान, १९७८ पासून बेटी कॅलवे ह्या त्यांना शिकवू लागल्या होत्या. ज्या हंगेरियन जोडीने १९८० चे जागतिक विजेतेपद मिळवले तिच्याही शिक्षिका त्याच. पाच वर्षे राबून पाचवा क्रमांक. येथे पुष्कळांनी स्केट्स खुंटीला टांगले असते, आणि त्यांना कोणी दोषही दिला नसता.

पण ह्या दोघांनी उलटे केले. दोघांनी नोकऱ्या सोडल्या. आपल्यासारख्या नोकरदार घरांतील माणसांना ह्या वाक्याचे वजन वेगळे सांगावयास नको. पोलिसाची कायम नोकरी आणि कंपनीतली खुर्ची सोडून बर्फावर नाचावयाचे! ते शक्य झाले ह्याचे कारण नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेने त्यांना अनुदान दिले. १९८४ च्या ऑलिंपिकपर्यंतच्या सरावासाठी एकूण ४२,००० पौंड. खाणी आणि कारखान्यांच्या गावात, महागाई आणि बेकारीच्या दिवसांत, करदात्यांच्या पैशातून दोन नर्तकांना एवढी रक्कम देणे सोपे नव्हते. त्यांच्या हाती तेव्हा जागतिक स्पर्धेतले एकही पदक नव्हते. नगरपालिकेने पैसा दिला तो मिळालेल्या पदकाला नव्हे, रात्री उशिरापर्यंत जळणाऱ्या दिव्याला दिला. माझ्या मते ह्या कथेतील ही सर्वांत धाडसाची गोष्ट आहे, आणि ती बर्फावर नव्हे, एका सभागृहात घडली.

अनुदान मिळाल्यावर दिवसभराचा सराव शक्य झाला. बव्हेरियातील ओबर्स्टडॉर्फ येथेही त्यांनी मुक्काम ठोकून तयारी केली. आणि १९८१ साली अमेरिकेतील हार्टफोर्ड येथे ही जोडी जगज्जेती ठरली. पुढे १९८२, १९८३ आणि १९८४ साली तेच पद त्यांनी राखले. चार वेळा.

केवळ विजयाची जंत्री मी देणार नाही. त्यांनी कलेत नवे काय आणले ते महत्त्वाचे. तोपर्यंत चार मिनिटांच्या मुक्त नृत्यासाठी तीन-चार वेगवेगळ्या चालींचे तुकडे जोडण्याची रीत होती. थोडे जलद, थोडे संथ, पुन्हा जलद. म्हणजे पंचांना सर्व प्रकारची पावले दिसावीत. ह्या दोघांनी १९८२ मध्ये एकाच संगीत नाटकाच्या संगीतावर सारे नृत्य बांधले. १९८३ मध्ये सर्कशीच्या विषयावर बांधले. तुकड्यांच्या जागी एक कथा आली, एक वातावरण आले. ठुमरी, नाट्यगीत आणि लावणी यांची चार-चार मिनिटे गाणाऱ्या गवयाने एके दिवशी ठरवावे की आज एकच राग मांडीन, तसे ते होते.

आणि मग १९८४ साल आले. युगोस्लाव्हियातील सारायेव्हो येथे हिवाळी ऑलिंपिक भरले. मुक्त नृत्यासाठी त्यांनी निवडले ते फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेल ह्याचे ‘बोलेरो’. १९२८ साली बॅलेसाठी रचलेली ही कृती. तिची रीत आपल्या कानांस ओळखीची वाटावी अशी आहे. एका लहान ढोलावर एकच ठेका आरंभापासून अखेरपर्यंत चालतो. एकच सुरावट एका वाद्याकडून दुसऱ्या वाद्याकडे जाते. लय वाढत नाही, वाढतो तो फक्त नाद. पाव तासाच्या आसपास चालणारी ही रचना चार मिनिटांत बसवावयाची होती. लय न बदलणारे संगीत स्पर्धेसाठी घेणे हेच मोठे धाडस, कारण लयीत फरक न दिसला तर पंच गुण कापण्याची भीती.

शिवाय दुसरी अडचण उभी राहिली. नियमाप्रमाणे नृत्य चार मिनिटे आणि फार तर वर दहा सेकंद. संगीत कितीही कापले तरी चार मिनिटे अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना. त्याहून कापले तर रचनेचा जीवच जाई. तेव्हा नियमाचे पुस्तक नीट वाचण्यात आले. त्यात असे निघाले की घड्याळ सुरू होते ते संगीताबरोबर नव्हे, नर्तकांचे पाते बर्फावर चालू लागते तेव्हा. मग दोघांनी नृत्याचा आरंभ गुडघ्यांवर केला. पहिली अठरा सेकंदे पाते बर्फाला लावावयाचेच नाही. समोरासमोर गुडघे टेकून नुसते देह वाऱ्यावरच्या वेलीसारखे हलवावयाचे. नियमाचा भंग नाही, आणि अडचणीतून जो आरंभ निघाला तोच लोकांच्या मनात कायमचा बसला. कलावंताला बंधन जाचते असे आपण म्हणतो. येथे बंधन नसते तर ती अठरा सेकंदे जन्मासच आली नसती.

आणखी एक पाहा. त्या स्पर्धेच्या दुसऱ्या भागासाठी ‘पासो दोब्ले’ हा स्पॅनिश ताल ठरलेला होता. ह्या तालावर नाचताना पुरुष बैलाशी झुंजणारा वीर असतो. ह्या जोडीत जेन झाली त्या वीराच्या हातातले वस्त्र. तिला तो फिरवतो, झटकतो, जमिनीलगत ओढतो. वस्त्र होणे ही दुय्यम भूमिका वाटेल. पण बर्फावर ती वठवावयास केवढे बळ आणि केवढा विश्वास लागत असेल ह्याची कल्पना सिमल्यास आपटलेल्या माझ्यासारख्यालाच यावी.

१४ फेब्रुवारी १९८४ च्या रात्री, झेत्रा ह्या सभागृहात, जांभळ्या छटांच्या तलम पोशाखात त्यांनी ‘बोलेरो’ सादर केले. ज्वालामुखीच्या माथ्यावर चढून त्यात देह टाकणाऱ्या दोन प्रेमिकांची ती कथा. शेवटी दोघेही बर्फावर कोसळतात आणि संगीत थांबते. इंग्लंडात दोन कोटींहून अधिक लोक दूरचित्रवाणीसमोर बसले होते. पूर्ण गुण म्हणजे सहा. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ पंचांनी सहा गुण दिले. तंत्रासाठी आणखी तिघांनी. एकूण बारा वेळा पूर्ण गुण. त्या गुणपद्धतीची जागा पुढे २००४ पासून दुसऱ्या पद्धतीने घेतली, त्यामुळे हा विक्रम आता कोणी मोडू शकणार नाही. तो तेथेच, त्या रात्रीत, राहिला आहे.

येथे गोष्ट संपवली तर ती परीकथा होईल. परंतु पूर्ण गुण मिळाल्यावर माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुढच्या एकेचाळीस वर्षांत आहे.

त्या वर्षी ओटावा येथे चौथे जागतिक पद घेऊन ती दोघे व्यावसायिक झाली. तेव्हाच्या नियमाने व्यावसायिकास स्पर्धेचे दार बंद. पुढे नियम सैल झाले, आणि १९९४ साली ही जोडी पुन्हा ऑलिंपिकसाठी उतरली. जेनचे वय छत्तीस, ख्रिस्तोफरचे पस्तीस. ज्यांच्याशी सामना ते त्यांच्याहून तरुण. जानेवारीत कोपनहेगन येथे त्यांनी युरोपचे विजेतेपद पटकावले. फेब्रुवारीत नॉर्वेतील लिलेहॅमरच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी एका जुन्या अमेरिकी चित्रपटगीतावर प्रसन्न, मोकळे नृत्य केले. प्रेक्षक उभे राहिले. गुण मात्र तिसऱ्या क्रमांकाचे आले. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही रशियन जोड्यांना गेले. प्रेक्षागृहात नाराजीचा कल्लोळ उठला, आणि पंचांच्या निर्णयावर पुष्कळ दिवस वाद चालला. त्या वादात मी शिरत नाही. मला दिसते ते इतकेच की, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी पूर्ण गुण घेतले होते, त्यांनी ते गुण पणास लावून पुन्हा तिसऱ्या पायरीवर उभे राहण्याची तयारी ठेवली. शिखरावर गेलेला माणूस सहसा परीक्षेस बसत नाही. तो परीक्षक होतो. आपल्या मंडळातही आपण ज्येष्ठ मंडळी पहिल्या रांगेत बसून नव्यांचे उच्चार तपासतो; रंगमंचावर जाण्याचे धाडस मात्र करीत नाही.

आणि ते झेत्रा सभागृह? १९९२ साली सारायेव्होला वेढा पडला. जवळजवळ चार वर्षे तो चालला. तोफांच्या माऱ्यात झेत्राची इमारत उद्ध्वस्त झाली. जवळच्या क्रीडांगणाची जमीन कबरींसाठी वापरावी लागली. म्हणजे लिलेहॅमरच्या ऑलिंपिकमध्ये ही दोघे नाचत होती तेव्हा, ज्या छताखाली त्यांना बारा वेळा पूर्ण गुण मिळाले ते छतच उरले नव्हते. युगोस्लाव्हिया हे राष्ट्रही उरले नव्हते. पुढे इमारत पुन्हा बांधली गेली आणि १९९९ साली उघडली. २०१४ च्या फेब्रुवारीत, तीस वर्षे झाल्यानिमित्त, पन्नाशी ओलांडलेली ही दोघे तेथे गेली आणि त्याच जागी त्यांनी पुन्हा ‘बोलेरो’ केले. ते पाहणाऱ्यांत कितीतरी माणसे अशी असतील की ज्यांनी मधल्या वर्षांत आपली माणसे गमावली होती. बंधुभगिनींनो, त्या संध्याकाळी गुण देण्यास कोणी पंच नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती.

आता ‘जोडपे नव्हे, जोडी’ ह्या मुद्द्याकडे येतो. ‘बोलेरो’ पाहून साऱ्या जगाने ठरवून टाकले की ह्यांचे लग्न होणार. ते झाले नाही. जेनने १९९० मध्ये लग्न केले, ख्रिस्तोफरने १९९१ मध्ये व पुढे पुन्हा १९९४ मध्ये, पण एकमेकांशी नव्हे. घरे वेगळी झाली, संसार वेगळे झाले, मुलेबाळे वेगळी. साथ मात्र एकच राहिली. आपल्या भाषेत ‘साथ’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक जन्माच्या जोडीदाराची साथ, आणि दुसरी गवयाला तबलजीने केलेली साथ. ह्या दुसऱ्या साथीला नात्याचे नाव नसते, करारही नसतो. एकाने सम चुकवली तर दुसऱ्याने सांभाळून घ्यावयाची, आणि त्याची वाच्यता करावयाची नाही, एवढाच नियम. पन्नास वर्षांत ही दोघे अनेकदा पडली असतील, भांडली असतील. पण दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी बर्फावर हजर झाली.

२००६ पासून दूरचित्रवाणीच्या एका लोकप्रिय कार्यक्रमातून त्यांनी हौशी माणसांना बर्फावर उभे राहावयास शिकवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, ‘बोलेरो’ला चाळीस वर्षे झाली तेव्हा, सारायेव्होस जाऊन त्यांनी निवृत्तीची घोषणा केली, आणि २०२५ मध्ये निरोपाचा दौरा केला. नॉटिंगहॅमला आज जे मोठे बर्फगृह आहे त्याच्या समोरच्या चौकाचे नाव ‘बोलेरो चौक’ असे आहे. ४२,००० पौंडांच्या बदल्यात गावाला काय मिळाले असे कोणी विचारले तर त्या चौकात जाऊन उभे राहावे. सकाळी तेथे लहान मुले खांद्यावर स्केट्स टाकून आत जाताना दिसतील.

आता माझी कबुली. कार्यकारिणीत मी अनेक वर्षे होतो, हे आपण जाणता. काही वर्षांपूर्वी आपल्यातीलच चार तरुण मुले-मुली माझ्याकडे आली. दिवसा नोकऱ्या करणारी मुले. त्यांना एकांकिका बसवावयाची होती आणि हे सभागृह रात्री साडेनवानंतर दोन तास हवे होते. मी हिशेबाची वही उघडली. विजेचे बिल काढले, चौकीदाराच्या जादा वेळेचा प्रश्न काढला, आणि शेवटी असेही म्हणालो की आधी एखादे बक्षीस मिळवून दाखवा, मग पाहू. मुलांनी वाद घातला नाही. नमस्कार करून ती गेली. ती एकांकिका झाली नाही. त्यांतील दोघे आता ह्या शहरात नाहीत, आणि जे आहेत ते आज ह्या सभागृहात नाहीत.

मी काही खोटे बोललो नव्हतो. वीज महागच होती. पण नॉटिंगहॅमच्या रिंकवर एखादा माझ्यासारखा खजिनदार असता तर दिवे नवालाच मालवले गेले असते, आणि जग ‘बोलेरो’ला मुकले असते. अर्थात ती चार मुले टॉर्व्हिल-डीन झाली असती असे मी म्हणत नाही. बहुतेक झाली नसती. एक बेताची एकांकिका झाली असती, तीत दोन संवाद विसरले गेले असते, आणि आपण घरी जाताना तिच्याविषयी मराठीत बोललो असतो. घरापासून इतक्या दूर आलेल्या माणसांना तेवढेही थोडके नाही. आपली मुले इथल्या शाळांत इथली भाषा शिकतात, तीत लिहितात, तीत हसतात. त्यांतले कोणी आपण होऊन मराठीत काही करू म्हणाले तर त्या इच्छेला लागणारा बर्फ आपणच पसरावयाचा आहे. सिमल्याच्या रिंकवर मी पाहिले आहे, बर्फ आपोआप सपाट होत नाही. कोणीतरी रात्रीच्या थंडीत उभे राहून पाणी टाकावे लागते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी कार्यकारिणीस एकच विनंती आहे. कोनशिला बसवा, स्मरणिका काढा, सत्कार करा, सर्व व्हावे. पण त्याबरोबर असा एक ठराव करा की, आठवड्यातून तीन रात्री साडेनऊ ते साडेअकरा हे सभागृह पस्तिशीच्या आतील कोणाही सभासदाला सरावासाठी विनाशुल्क मिळेल. नाटक असो, गाणे असो, ढोल असो, वा केवळ वाचन असो. काय बसवणार आणि बक्षीस कोणते मिळाले हे विचारू नये. पहिल्या वर्षाचे विजेचे बिल मी भरीन. मागे मी ज्या दिव्याचे पैसे वाचवले ते तसेही माझ्याकडे शिल्लकच आहेत.